‘मन भरून आलं’ हे न लिहिता: निसर्ग आणि भावना एकत्र बांधणारी कविता कशी लिहावी

जूनमध्ये पहिली सर येते आणि पाठोपाठ कविता येतात. मन चिंब होतं, आठवणी बरसतात, डोळ्यांतलं पाणी पावसात मिसळून जातं. लिहिणाऱ्याच्या मनात खरोखर काहीतरी हललेलं असतं, यात मला शंका नाही. पण वाचणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही, कारण कवितेत पाऊसही कुठलाच नसतो आणि माणूसही कुठलंच नसतं. एका बाजूला ‘निसर्ग’, दुसऱ्या बाजूला ‘भावना’, आणि मध्ये ‘जसा-तसा’चा पूल.

हा पूल न बांधताही पलीकडे जाता येतं. कसं, ते इथे एकेका पायरीने सांगते. शेवटी एक छोटी कविता पहिल्या खर्ड्यापासून उभी करून दाखवणार आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्या मातीत फार आधी सापडलेलं आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. जेमतेम दोन-दोन ओळींच्या सुमारे ७०० गाथा. गोदाकाठ, शेतं, पाऊस, वाटसरू, घरी वाट पाहणाऱ्या बायका हे तिचं जग. तिच्या पहिल्याच शतकात, म्हणजे पहिल्या शंभर गाथांत, एक गाथा आहे. कुणीतरी एका मुलीला म्हणतं: साळीची शेतं पिकून पांढरी पडायला लागली म्हणून खाली मान घालून का रडतेस? तागाचं शेत बघ, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग फासलेल्या नटीसारखं पिवळं झालंय. गाथा इथेच संपते. भात कापलं जाणार म्हणजे चोरून भेटायची जागा जाणार, आणि ताग उंच वाढून फुलावर आला म्हणजे नवी जागा तयार, हे आपण आपलं समजायचं. प्रियकराचा उल्लेख नाही, प्रेमाचा नाही, विरहाचा नाही. पिकांचे दोन रंग आहेत, आणि त्या दोन रंगांच्या मध्ये मुलीचं सगळं आयुष्य आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने या गोष्टीला नियमाचं रूप दिलं. चंद्र, वारा, पाऊस, कोकिळा यांना त्यात ‘उद्दीपन विभाव’ म्हणतात, म्हणजे मनात आधीच असलेला भाव पेटवणारं निमित्त. मम्मटाने काव्यप्रकाशात रसाचे दोष सांगितले आहेत, आणि रसाचं किंवा भावाचं थेट नाव घेणं हा त्यातला अगदी पहिला दोष. ‘मी दुःखी आहे’ असं लिहिलं की दुःखाची बातमी मिळते, दुःख मिळत नाही.

पायरी १. निसर्गाला त्याच्या नावाने हाक मारा

‘पाऊस’ हा शब्द कवितेसाठी फार मोठा आहे. मराठीत पावसाला इतकी नावं आहेत की त्यातलं एक नीट निवडलं तरी अर्धी भावना आपोआप आत येते. वळीव उन्हाळ्यातल्या दुपारी वाऱ्या-विजांसह कोसळतो आणि तासाभरात निघून जातो. झड दिवसचे दिवस लागते, कपडे वाळत नाहीत, माणसं घरात एकमेकांना कंटाळतात. रिपरिप चिडचिड आणते, भुरभुर अंगावर घ्यावीशी वाटते. उघडीप हा शब्द तर एकटाच कवितेइतका आहे. शेतकरी पावसाला नक्षत्राने ओळखतो. ७ जूनच्या आसपास लागतो तो मृगाचा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. भांडून निघून गेलेल्या माणसाची कविता वळवात घडते, की झडीत? दोन्हीत घडू शकते, पण त्या दोन वेगळ्या कविता होतील.

झाडाफुलांचंही तसंच. ‘रानफुलं’ लिहू नका. सोनकी लिहा, तेरडा लिहा. पळस लिहायचा तर तो फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, हे लक्षात ठेवा. कारवी ७ वर्षांनी एकदा फुलते. वाट पाहण्याबद्दल लिहिणाऱ्याला सह्याद्रीने दिलेली ही आयती गोष्ट, पण ती कारवी प्रत्यक्ष पाहिलेल्यानेच वापरावी.

इथे एक चूक वारंवार दिसते म्हणून थांबते: शरदातली पानगळ. ती थंड देशांतल्या कवितांमधून आपल्याकडे आली. महाराष्ट्रातला शरद म्हणजे धुतलेलं आकाश, पिवळं पडत चाललेलं भात, कोजागरीचं चांदणं. आपल्याकडची पाने गळतात ती शिशिरात, वसंताच्या तोंडावर, आणि बऱ्याचदा जुनं पान पडायच्या सुमारालाच नवी लाल पालवी दिसू लागते. म्हणजे आपली पानगळ मुळात एकटी येत नाही. केवढी वेगळी कविता त्यातून निघेल! परदेशात राहणाऱ्या मराठी कवीने मात्र ऑक्टोबरातला लाल-पिवळा रस्ता जरूर लिहावा, कारण त्याच्या खिडकीबाहेर तो खरोखरच आहे. त्याने प्राजक्त लिहायचा तर तो आठवणीतला आहे, हे कवितेला ठाऊक असावं.

पायरी २. विशेषणांशिवाय नोंद करा

एक वही घ्या. एका झाडासमोर, ओढ्यासमोर, गच्चीतल्या कुंडीसमोर पंधरा मिनिटं बसा आणि दिसेल, ऐकू येईल, वास येईल ते लिहा. अट एकच: ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘उदास’, ‘रम्य’ असले शब्द नकोत. उपमाही नको.

माझ्या वहीतली माघातली एक नोंद देते: “शेवगा. फांदी फुलांनी वाकली आहे. फुलं पांढरी, पण पूर्ण पांढरी नव्हेत, सायीसारखी. खाली पडलेली ओली आहेत. मुंग्या आहेत. फांदी ओढली तर काडकन तुटते. फुलं सुपात. फुलाबरोबर काड्या येतात.” यातलं ‘सायीसारखी’ खोडलं. अट म्हणजे अट.

संस्कृत अलंकारशास्त्रात अशा वर्णनाला स्वतंत्र नाव आहे, स्वभावोक्ती. वस्तू जशी आहे तशी नेमकी सांगणं हाच तिथे अलंकार. नव्याने लिहिणाऱ्याला उपमा सोपी आणि स्वभावोक्ती कोरडी वाटते. अनुभव उलट आहे. उपमा सुचायला क्षणभर पुरतो, पण मुंगी दिसायला पंधरा मिनिटं बसावं लागतं.

पायरी ३. भावना नेमकी कोणती, ते गद्यात शोधा

‘दुःख’, ‘प्रेम’, ‘विरह’ ही गाठोडी आहेत, ती सोडा. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायी भाव ८ आहेत, पण येत-जात राहणारे व्यभिचारी भाव ३३. शंका, ग्लानी, असूया, दैन्य, चिंता, व्रीडा (म्हणजे लाज), औत्सुक्य, स्मृती… कविता बहुतेक वेळा या ३३ मध्ये राहते. लेक सासरी जाताना आईला वाटणारं ‘दुःख’ नीट पाहिलं, तर त्यात चिंता असते, थोडं हायसं वाटणं असतं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज असते. लिहायची ती लाज.

मला यासाठी एका प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला आहे: या प्रसंगात कोण कुणाला काय कळू देत नाहीये? त्याचं उत्तर साध्या गद्यात, एका वाक्यात लिहा. शेवग्याच्या नोंदीखाली मी लिहिलेलं वाक्य असं होतं: “आजीला आता नीट दिसत नाही आणि तिच्याकडून काड्या राहतात, हे मला कळलंय हे तिला कळू नये.” हे वाक्य कवितेत येणार नाही. पण ते सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ४. दोघांना जोडा, पण सांधा दाखवू नका

जोडण्याच्या तीन वाटा मला ठाऊक आहेत.

पहिली वाट नुसत्या चित्राची. बालकवींची ‘औदुंबर’ पुन्हा वाचा. फक्त ८ ओळी. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कवी ‘मी’ म्हणत नाही, खिन्न आहे असंही म्हणत नाही. पण पायवाटेकडे लक्ष द्या. ती हिरव्यातून निघून काळ्या डोहाकडे जाते. रंगांचा क्रमच भावनेचं काम करतो. निसर्गचित्र लिहिताना नजर कुठून कुठे नेता, हाच तुमचा आशय असतो. उजेडातून सावलीकडे नेलंत की एक कविता, सावलीतून उजेडाकडे नेलंत की दुसरी.

दुसरी वाट विरोधाची. मन काळवंडलेलं असताना बाहेर बहावा पिवळाधमक फुललेला असतो. आपल्या दुःखासाठी आभाळ रडत नाही, आणि ते रडत नाही हेच जास्त लागतं. बाहेर आणि आत एकसारखं असलंच पाहिजे, ही सवय एकदा मोडून बघा.

तिसरी वाट कृतीची, आणि मला तीच सगळ्यात जवळची. निसर्गाकडे नुसतं पाहणारं माणूस न ठेवता त्याच्याशी काहीतरी करणारं माणूस ठेवा. वेचणारं, पाणी घालणारं, फांदी छाटणारं, ओल्या अंगणात राख टाकणारं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांचं बळ इथे आहे. खानदेशातल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या गात, इतरांनी ते लिहून ठेवलं, आणि १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी संग्रह निघाला. त्यांची उपमानं तवा, जातं, मोट, पेरणी अशी हाताखालून गेलेली आहेत. स्वतःच्या हातांनी जे कधी केलं नाही त्याची उपमा देताना कवीने दोनदा विचार करावा.

पायरी ५. अलंकार मोजून घाला

थोडक्यात सांगते. छोट्या कवितेत एक चांगली उपमा किंवा एक रूपक पुरे. चंद्र-चेहरा, कमळ-डोळे, मोती-दव अशा जोड्या झिजल्या आहेत, त्या वापरायच्या तर काहीतरी उलटं करूनच. चेतनागुणोक्तीला सगळ्यात जास्त जपावं लागतं. वारा गुणगुणतो, झाडं डोलतात, नदी खळखळून हसते, हे सगळं करून झालं आहे. झाडाला माणसासारखं वागवायचंच असेल तर त्याला एखादं अवघड, नेमकं काम द्या.

पायरी ६. छंद निवडा

मुक्तछंद म्हणजे मोकळीक, असा समज आहे. खरं तर तिथे प्रत्येक ओळ कुठे तोडायची याचा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, म्हणून तो अधिक कठीण. नवीन लिहिणाऱ्याला मी आधी अष्टाक्षरी सुचवते. नियम एकच: ओळीत ८ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं, लघु-गुरूचं बंधन नाही. बहिणाबाईंच्या ओव्या याच मापात आहेत.

लय आणखी हवी असेल तर पादाकुलक. यात मात्रा मोजायच्या, ओळीत १६, त्याही ८-८ च्या दोन भागांत. ह्रस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची १ मात्रा. दीर्घ स्वराचं अक्षर गुरू, त्याच्या २. जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो ते मागचं अक्षरही गुरू. ‘झाडावरती उरले नाही’ ही ओळ मोजा: झा-डा-व-र-ती मिळून ८, उ-र-ले-ना-ही मिळून ८.

अक्षरगणवृत्तं, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेली वृत्तं, आज कमी लिहिली जातात, पण कानासाठी शिकावीत. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, लघु-गुरु-गुरु अशी चार पावलं, ठाम चाल. मेघदूत आख्खं मंदाक्रांतेत, १७ अक्षरांची ओळ, चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर थांबा. थांबत थांबत जाणाऱ्या ढगाला ही चाल का दिली असेल, हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही. भावनेचा वेग आणि छंदाचा वेग जुळतो का, हे फक्त कान सांगतो.

पायरी ७. खर्डा, आणि मग खोडणं

आता शेवग्याकडे. पहिला खर्डा असा होता:

आजी तुझ्या डोळ्यांपाशी
मन भरुनिया येते
शेवग्याच्या फुलांपरी
अश्रू गाली ओघळते

अक्षरं ८-८ बरोबर आहेत, बाकी सगळं चुकलं आहे. ‘मन भरुनिया येते’ ही नुसती बातमी. शेवग्याचं फूल ओघळत नाही, ते टपकन पडतं. म्हणजे उपमा न पाहता दिलेली. अश्रू पुष्कळ, तर ‘ओघळतात’ हवं. ‘येते’शी यमक जुळवायला व्याकरण मोडलं. आणि यात ना सूप आहे, ना मुंगी, ना काडी. वहीत होतं ते सगळं बाहेरच राहिलं.

म्हणून वहीकडे परत गेले. ठरवलं की ‘आजी’ हा शब्द येणार नाही, डोळे नाहीत, अश्रू नाहीत. फक्त निवडणं. काही दिवसांनी पहिलं कडवं असं झालं:

सूप मांडीवर तिच्या
फुले शेवग्याची ओली
फूल, काडी, मुंगी यांची
बोटे ओळखती बोली

तिला दिसत नाही, हे अजून सांगितलेलं नाही. बोटं ओळखतात म्हटल्यावर ते आपोआप येतं. तिसरी ओळ मोठ्याने म्हणा. पहिल्या दोन ओळी २-४-२ अशा पडतात, तिसरी मात्र २-२-२-२ अशी तुटते. एकेक वस्तू बोटांतून सुटी होते, तशी. हे आधी ठरवलेलं नव्हतं, झाल्यावर कानाला जाणवलं आणि मग जपलं.

दुसऱ्या कडव्यात नजर जाण्याचा उल्लेख थोडा तरी हवा होता. आधी लिहिलं होतं ‘अंधाराचे जाळे पडे’. ते खोडलं. अंधार हा शब्द येताच सगळं गडद होतं, आणि ती बाई तर उन्हात बसली होती. ‘बोली’ हा शब्द पहिल्या कडव्यात आलाच होता, त्याचा धागा धरला:

उजेडाशी तिचे आता
बोलणेही झाले थोडे
कलंडते ऊन, तरी
एक एक देठ मोडे

कवितेतलं हे एकमेव ठिकाण जिथे निसर्गाला माणसासारखं वागवलं आहे. उजेड हा तिचा जुना बोलका सोबती, आता अबोल होत चाललेला. पाचव्या पायरीत म्हटलं ते नेमकं काम, ते हे.

आता तिसऱ्या पायरीवरचं ते वाक्य. तिला कळू नये, हे. याला उपमा नको, शब्दच नको, कृती हवी:

रात्री फोडणीच्या आधी
सूप मी दिव्याशी नेते
राहिलेल्या चार काड्या
हळू उचलून घेते

‘मी’ संपूर्ण कवितेत इथे पहिल्यांदा येते, आणि येते ती चोरपावलांनी. ‘हळू’ ऐवजी ‘लपून’ लिहून पाहिलं होतं. ‘लपून’ने गुपित फोडलं, म्हणून ‘हळू’. शब्द निवडताना बहुतेक वेळा कमी सांगणारा शब्दच टिकतो.

पायरी ८. शेवटचं कडवं तपासा

माझ्या खर्ड्यात यानंतर आणखी एक कडवं होतं:

माये, तुझ्या हातांमध्ये
उभे माझे बालपण
जपेन मी जन्मभर
फुलांचा हा एक क्षण

मापात आहे, यमकही चोख आहे, आणि यातला प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता. म्हणूनच ते काढायला वेळ लागला. पण ते ठेवलं की चार काड्या उचलणारी मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन व्यासपीठावर उभी राहते. कविता झाल्यावर भीती वाटते की वाचणाऱ्याला समजलं नसेल, आणि त्या भीतीपोटी आपण एक कडवं जास्त लिहितो. तुमच्या कवितेचं शेवटचं कडवं हाताने झाका आणि उरलेलं मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा कविता तिथेच संपलेली असते.

मग वही मिटून आठ दिवस ठेवा. पुन्हा उघडाल तेव्हा तीन गोष्टी करा. भावनेचं नाव असलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा आणि तो काढून ओळ उभी राहते का बघा. प्रत्येक झाड, पक्षी, ऋतू त्या महिन्यात, त्या गावात खरंच तसा असतो का, हे घरातल्या मोठ्या माणसाला किंवा शेतावरच्या कुणाला विचारा. आणि कविता अशा एका माणसाला वाचून दाखवा, जो कविता वाचत नाही. त्याने ‘छान आहे’ म्हटलं तर अजून काम बाकी आहे. त्याने ‘आमच्याकडे पण फुलांची भाजी करायचे’ असं काही बोलायला सुरुवात केली, तर कवितेखाली तारीख टाका.